उष्टा चहा

माझा माणिक लष्करात आचारी. लडाखला गेला तेव्हा दारात मावत नव्हता. वर्षानं सुट्टीवर आला तो निम्मा होऊन. तशात मन्नाएखेळ्ळीचे बसवंतराव त्यांच्या पोरीसाठी त्याला बघायला आले.

"तिथं डोंगरावर हवा विरळ हाय, मामा," माणिक म्हणाला. "भूकच मरती. सगळ्या जाड्यांचं असंच व्हायलंय तिथं."

"हवेनं माणूस वाळतंय व्हय?" बसवंतराव हसले नाहीत. "आमच्या गावात असेच वाळून दोघं गेले. टीबीनं."

मी माणिकच्या हातातली अर्धी बशी ओढली आणि त्याचा उष्टा चहा सगळ्यांदेखत पिऊन टाकला. "रोग असता तर प्याले असते का?"

बसवंतराव वरमले. "चुकलं, अक्का. आणा सुपारी, फोडून टाकू."

"सुपारी थांबू द्या," मी म्हटलं. "उद्या बिदरला नेऊन ह्याच्या छातीचा फोटू काढते."

"आता कामून? तुम्हीच तर त्याचं उष्टं प्यालात!"

"मी त्याची आई हाय. तुमच्या लेकीनं कामून प्यावं?"