पंचविसाच्या पुढचा जोर

गडावरच्या हॉटेलात भाकऱ्या गरम पोचल्या, तर जयसिंगला कायमची ऑर्डर मिळणार होती. त्यासाठी घाट ताशी चाळिसाच्या वेगानं चढायला हवा होता आणि ई-सायकलची मोटर कायद्याप्रमाणे पंचविसाला मदत थांबवायची. त्यापुढचा जोर माणसाचाच हवा, असा नियम होता. कोणत्या माणसाचा, ते नियमात नव्हतं. म्हणून दुकानदार हल्ली सायकलीबरोबर घरच्यांसाठी पायपट्ट्याही विकत; त्या बांधून घरबसल्या पाय मारले की जोर दूरवरच्या सायकलीला पोचायचा.

जयसिंगच्या पट्ट्या इंदूआत्याच्या पोटऱ्यांवर होत्या. ओसरीत खुर्चीवर बसून ती मटार सोलत होती आणि तिचे पाय हवेत पेडल मारत होते. गल्लीतल्या प्रत्येक ओसरीत एकेक म्हातारं माणूस तसंच बसलं होतं.

"कुठवर पोचलीस गं?" समोरून सरूकाकूनं विचारलं. तिचेही पाय चालूच होते.

"घाट लागला. मेला गिअर बदलंल तर शपथ!" आत्या हसली. "पट्ट्या सुटल्या की देवळात जाऊन येते. तेवढं माझं मला चालायचं असतंय."

संध्याकाळी जयसिंग आला तो ओरडतच. "आत्ती, मिळाली ऑर्डर! रोज दोन खेपा!" त्यानं स्वतः वाकून पट्ट्या सोडल्या.

आत्या काठी घेऊन उठायला गेली आणि धपकन परत बसली. पाय जमिनीवर टेकेनात. ते फिरतच होते.

"जयसिंगा, सायकल थांबव की रं."

"ती कवाच भिंतीला लावलीया, आत्ती."

हॉटेलला गरम भाकरी मिळाली, जयसिंगला ऑर्डर मिळाली, आणि त्या दोन्हींपायी आत्याचं देवळाला जाणं तुटलं.