बंधाऱ्याचा फोटो

माझ्या पणजीला तुम्ही 'इतर' करून टाकलंत, साहेब.

तुमच्या विद्यापीठाच्या संग्रहात श्रीगोंद्याकडच्या बंधाऱ्याचा जुना फोटो आहे. फोटोखाली खुर्चीतल्या गोऱ्या साहेबाचं नाव आहे. मागे डोक्यावर मातीच्या पाट्या घेतलेल्या बाया नुसत्या 'इतर'. सोमवारी जयमाला आत्यानं हनुवटीवरच्या गोंदणावरून भामाबाईला ओळखलं. शेवटच्या रांगेत, मान खाली.

नाव लिहा म्हणालो, तर तुम्ही सोनेरी काड्यांचा चष्मा पुसत म्हणालात, "नियमात बसत नाही."

मंगळवारी फोटोत तिची मान ताठ होती. बुधवारी ती खुर्चीच्या मागे उभी होती, डोक्यावर पाटी नव्हती.

"फोटो बदललात का ओ?" फोटो सांभाळणाऱ्या रुपालीताई माझ्यावर ओरडल्या.

"ताई, कपाट तुमचं, किल्ली तुमची. मी काय फुंकर मारली?"

आत्या छाती काढून म्हणाली, "माझी आजी हाय ती. आता थांबायची न्हाई."

आज भामाबाई खुर्चीत बसली आहे. पाय घट्ट रोवून थेट समोर बघते आहे.

शेवटच्या रांगेत एक माणूस पाटी घेऊन मान खाली घालून उभा आहे. तो गोरा साहेब नाही. त्याच्या चष्म्याच्या काड्या सोनेरी आहेत.

तिचं नाव लिहिता, की तुम्हालाही 'इतर'मध्येच धरू? बोला.