पाणी कुठवर

माइआना बेटावर अकरा महिने पाऊस नव्हता. विहिरी खारट झाल्या होत्या. म्हातारी तेराका रोज छपराखालच्या टाकीवर वरून खाली टिचक्या मारी. पोकळ आवाज जिथे भरीव होई, तिथवर पाणी. ताके या नातीलाही तिने हे शिकवले होते. आता पाणी गुडघाभरच होते, नातीला आठवडाभर पुरेल एवढे.

दुपारी शेजारचा बातिरी आला. "आजी, पोरगं तापलंय. वाटीभर पाणी दे."

बेटावर मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नसे. तेराकानेही 'नाही' म्हटले नाही. तिने टाकीच्या वरच्या अंगाला टिचकी मारली. ठण्ण.

"ऐकलंस? असतं तर दिलं नसतं का, लेकरा?"

तो मान खाली घालून गेला. तेराकाने नातीला वाटी भरून दिली.

"अजून, आजी."

दुसरी दिली, तिसरी दिली. चौथीला ताकेला ठसका लागला. तेराकाने तिच्या पाठीवर थोपटले.

ठण्ण.

तेराकाचा हात थबकला. तिने जरा खाली टिचकी मारली. मग कंबरेवर, पोटरीवर, टाचेवर. सगळीकडे ठण्ण.

कोरड्या ओठांनी हसत ताकेने विचारले, "आजी, पाणी कुठवर आहे गं?"