नुसत्या डोळ्यांनी

"खिडकीजवळ न्या. उजेडात धरा," मोबाईलवरच्या मॅडम म्हणाल्या.

संजीवनीनं मोबाईल सोबत शिवणाऱ्या जयमालाच्या हाती दिला आणि नमुन्याच्या निळ्या कापडाची घडी घेऊन शिलाई मशीनच्या पलीकडं, खिडकीपाशी गेली. दुसरबीडला दुपारचं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं. कस्टमच्या मॅडमचा चेहरा मध्येच अडकायचा, मग एकदम हलायचा.

"बाहेरून प्लास्टिकचा थर दिसतोय. आता उलटं करा. आतून दिसतो का? भिंग नको. नुसत्या डोळ्यांनी."

संजीवनीनं कापड उलटं केलं. आत साधी वीण होती, पॉलिस्टरची. कलतं धरलं की किंचित चमक यायची, सरळ धरलं की जायची.

"आतून कापडच आहे, मॅडम."

"मला चकाकी दिसतेय."

एवढ्यावरच सगळं अडलं होतं. संजीवनीच्या बचत गटातल्या बायका फवारणीचे कोट शिवायच्या. औषध आत शिरू न देणारं आणि माणसाला उकडून न काढणारं हे कापड त्यांनी तैवानहून मागवलं, आणि त्याचे तागे बंदरावर पडून राहिले. थर एका बाजूनं दिसला तर ते कापड, दोन्ही बाजूंनी दिसला तर कायद्यानं प्लास्टिक. जकात दोन्हींची वेगळी. प्रयोगशाळेनं लिहून दिलं होतं, 'दुसऱ्या बाजूस अंशतः.' बँकेची हमी दिली असती तर निकालाआधी माल सुटला असता, पण बँक म्हणत होती, आधी मालाचं नाव ठरवून आणा.

"मॅडम, आम्ही याला अस्तर लावतो, कॉलर काढतो. प्लास्टिकला कुणी कॉलर काढतं का?"

"तुम्ही त्याचं काय शिवता यावर ठरत नाही, ताई. बंदरावर काय उतरलं यावर ठरतं." मॅडमचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. "आधीच्या साहेबांनी असाच माल कापड म्हणून सोडला, त्यावर आक्षेप निघाला. मी डोळे झाकून सही कशी करू?"

तेवढ्यात जयमालाचा नवरा निवृत्ती दारात आला. रोजानं फवारणी करणारा माणूस. त्याचे डोळे कालपासून लालभडक होते, पापण्या सुजलेल्या.

"जयमाला, माहा रुमाल कुठी ठेवला वं? गडी थांबले हायेत महादेवरावाच्या वावरात."

"काऊन चालले आज? डोळे उघडून नाही राह्यले तुमचे."

"अळी थांबते का माह्या डोळ्यासाठी?"

संजीवनीनं जयमालाच्या हातातला मोबाईल घेतला आणि सरळ निवृत्तीच्या तोंडासमोर धरला. "मॅडम, हेही पाहा. नुसत्या डोळ्यांनी."

निवृत्ती ओशाळून मागं सरला. मोबाईलवर काहीच हललं नाही.

"त्यांना दवाखान्यात न्या," शेवटी आवाज आला. "आणि ताई, हा कंपनीचा मूळ नमुना सांभाळून ठेवा. फेरतपासणीला हाच लागेल. पुढची तारीख दिवाळीनंतर."

"तोवर फवारणी सरते, मॅडम."

"माझ्याकडे तारखा एवढ्याच आहेत."

फोन बंद झाला. संजीवनी मशीनवर बोटं आपटत बसली. मग उठली, घडी मोडून टेबलावर पसरली आणि कात्री घेतली. एका अंगापुरतं कापड होतं.

"ताई!" जयमाला म्हणाली. "मॅडमनं सांभाळाले सांगतलं ना?"

"सांभाळूनच राह्यले. निवृत्तीभाऊची छाती माप."

कोट तयार झाला तोवर निवृत्तीच्या डोळ्यांत दवाखान्यातलं औषध पडलं होतं. डॉक्टरांनी आराम सांगितला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती कोट घालून वावरात गेला.

शिवण कितपत धरते ते पाहायला संजीवनी दुपारून महादेवरावाच्या वावरापाशी गेली. कपाशी छातीला लागत होती. हवेत उग्र वास. तिला लांबूनच निळा कोट दिसला आणि बरं वाटलं. जवळ गेली तर आत निवृत्ती नव्हता, त्याच्यासोबतचा गडी गोविंदा होता. निवृत्ती शेजारच्या तासात, कपाशीच्या पलीकडच्या ओळीत होता, नुसत्या सदऱ्यावर, तोंडाला रुमाल, पाठीवर पंप.

"निवृत्तीभाऊ! कोट काऊन देला?"

त्यानं पंप बंद केला. "सगळे पाहून राह्यले होते ताई माह्याकडं. मी एकटा कसा घालू? पाळी लावली. आता गोविंदा, मंग रामरावाचा नंबर." तो हसला. "हाव, पण चीज चांगली हाय."

तिला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. बंदरावरून माल सोडवणारा मुंबईचा एजंट होता, खुशीत.

"ताई, काय जादू केली? मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, दिवाळीची वाट नको. परवाचीच तारीख दिली! नमुना आजच कुरिअरला टाका. मात्र आहे तसा पाहिजे. न कापलेला, न डागाळलेला. त्याच्यावरच निकाल आहे. ऐकताय ना?"

संजीवनी ऐकत होती. तिनं वावरात हाक मारायला तोंड उघडलं.

तासाच्या टोकाला गोविंदानं कोट उतरवला. बाह्यांवरून औषध निथळत होतं. रामरावानं तो झटकला, आणि एकेक हात जपून आत घातला.