चौसष्टाव्या पानावरचा अंगठा

“ही कादंबरी रद्दीत चालली होती,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “भूतकाळात जाणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. पोरांनी पुन्हा वाचायला हवी हो. नीट बांधून द्याल?”

मी पुस्तक लगेच ओळखलं. तेरा वर्षांची असताना, आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा, मी हीच प्रत वाचली होती. चौसष्टाव्या पानावर, कागद चिकटवायच्या खळीनं माखलेला कुणाचा तरी अंगठा उमटलेला होता. त्यावर तिरका व्रण होता. फार भीती वाटली की मी त्या ठशावर बोट टेकवायचे. तो कोमट लागायचा. धीर यायचा. त्या माणसाचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

माझ्या बुकबाइंडिंगच्या दुकानात बसून मी ते पान उघडलं. ते फाटलं होतं, पण ठशाचा मागमूस नव्हता.

मी खळ लावली, फाटलेल्या कडा जुळवल्या आणि अंगठ्यानं दाबल्या. अंगठा उचलला, तर खाली तोच ठसा होता, तिरक्या व्रणासकट. गेल्याच वर्षी कागद कापताना माझा अंगठा चिरला होता.

मी तो पुन्हा ठशावर ठेवला. कागदाच्या आतून एक लहानसं बोट येऊन त्याला टेकलं. ते थरथरत होतं.

“आई घरी येणार आहे गं,” मी म्हणाले.

बोटाची थरथर थांबली.