मॅडमला कुंकू लाव

"चा आमच्या वैष्णवीनंच केलाय बरं का, मॅडम," धोंडाबाई म्हणाल्या आणि कप डॉक्टर मेधांच्या पुढे ठेवला.

वैष्णवीनं मान खाली घातली. चहा सासूनं केला होता. सकाळची झाडलोट सासूनं केली होती, आणि सुनेची वेणीही तिनंच घातली होती.

डॉक्टर मेधा कामगार विमा कार्यालयाकडून आल्या होत्या. वैष्णवी उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. संधिवातानं हात धरले तेव्हापासून ती आजारपणाच्या रजेवर होती. ती रजा आणि रजेचा पगार पुढे चालू ठेवायचा, की 'कामास योग्य' असं लिहून तिला परत पॅकिंगला उभं करायचं, ते आज या ओसरीवर ठरायचं होतं. तिचा नवरा शंभू कामावर निघताना दोघींना बजावून गेला होता, "खरं हाय ते सांगा."

सांगा म्हणणं सोपं असतं. दारात गाडी थांबली तशा शेजारच्या ओट्यावर बायका शेंगा फोडायला बसल्या होत्या. एरवी या वेळेला तिथं कुत्रंसुद्धा नसतं. धाकट्या अमोलचं पौडला लग्न जमत आलं होतं. या घरात दुखणं आहे, थोरली सून बसून खाते, हे तिकडे कळलं की झालंच. शिवाय पाहुण्यांपुढे सुनेचं कौतुक करायचं, ही धोंडाबाईंची जुनी खोड. मॅडम कशासाठी आल्यात हे त्यांना ठाऊक होतं, पण जीभ आपल्या वळणानंच गेली.

डॉक्टरांनी वैष्णवीची बोटं दाबून पाहिली. दुपारची गोळी लागू पडली होती, सूजही सकाळपेक्षा उतरली होती.

"दुखतं?"

"थोडं."

रात्री ज्या दुखण्यानं ती पदर दातांत धरायची, त्याला ती थोडं म्हणाली. तिशीसुद्धा न गाठलेल्या बाईला माझे हात चालत नाहीत म्हणायची लाज वाटते.

"घरातलं काय काय करता?"

"समदं तीच करती," सासूनं उत्तर देऊन टाकलं. "भाकरी, धुनं, भांडी. लई कामाची हाय आमची सून."

वैष्णवीनं एकदा सासूकडे पाहिलं. पण आत्यांना परक्या माणसापुढे खोटं कसं पाडायचं?

लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची डॉक्टर मेधांची पद्धत होती, म्हणजे मागून कुणाची तक्रार नको. "स्वयंपाक, धुणं, भांडी स्वतः करतात. हलक्या कामास योग्य. बरोबर?" आवाज खणखणीत होता. शेजारच्या ओट्यावर शब्द न् शब्द गेला असणार. धोंडाबाईंना अंमळ बरं वाटलं. वैष्णवीनं हात पदराआड घेतले आणि "हो" म्हणाली.

कागद पिशवीत गेले. डॉक्टर उठून ओसरीच्या दारात, उंबऱ्यापाशी पोचल्या. त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून धोंडाबाई सवयीनं बोलून गेल्या, "अगं वैष्णवे, मॅडमला कुंकू लाव. सवाष्ण पयल्यांदा घरी आली, तशीच जाती व्हय?"

बोलल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सुनेच्या नावावर बाकी सगळं खपलं होतं. हे खपणार नव्हतं. नवरा गेल्यापासून धोंडाबाईंनी करंड्याला हात लावला नव्हता.

वैष्णवी देवापुढून करंडा घेऊन आली, दोन्ही तळव्यांत धरून. झाकण बोटांनी निघेना. तिनं करंडा पोटाशी दाबला आणि मनगटानं झाकण ढकललं. ते फरशीवर पडून गरगरत दारापर्यंत गेलं. कुंकवात बोट बुडालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी मान वाकवली. तरी बोट पोचेना. कुंकू डॉक्टरांच्या फिकट साडीवर सांडलं.

"माफ करा, मॅडम," वैष्णवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

धोंडाबाई पुढे आल्या. त्यांनी हात पदराला पुसले, सुनेचं मनगट खालून धरलं आणि हळूहळू वर उचललं. कुंकू लागलं, पण कपाळाच्या मधोमध नाही, पार भुवईवर.

डॉक्टर मेधांनी ते पुसलं नाही. त्या उंबऱ्यावरून मागे फिरल्या, ओसरीवर बसल्या आणि पिशवीतून कागद परत बाहेर काढले.

"मावशी, आता सांगा."

धोंडाबाईंनी आधी दार लोटलं. मग भिंतीकडे तोंड करून बोलल्या.

"चा मी केला व्हता. भाकरी मीच करती. लुगडंबी मीच नेसवती हिला." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हिच्या कपाळाची टिकलीबी रोज मीच लावती. ह्या हातानं."

डॉक्टर लिहू लागल्या.

"लिवा समदं," धोंडाबाई म्हणाल्या. "पर मोठ्यानं वाचू नका."