कोरडा क्षार

केसरबाईंनी तिसऱ्यांदा लेकीच्या तोंडचं उत्तर हिसकावून घेतलं, तेव्हा पाहुण्यांची आत्या पहिल्यांदा बोलली.

"पोरीला बोलू द्या की."

संस्कृतीनं मान वर केली. मुलगी बघायला आलेली माणसं चालायला लावतात, दोन ओळी वाचायला लावतात, बोबडी तर नाही ना म्हणून नाव-गाव वदवून घेतात. या सगळ्याचा तिला वीट आला होता. ती काम करत होती त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि जुळत आलेली दोन स्थळं मोडली. वडवणीत भावकीतली माणसं तिला 'बारूदवाली' म्हणू लागली होती. आष्टीकडचं हे स्थळही हातचं गेलं तर आई अंथरूण धरणार, हे तिला दिसत होतं.

मुलगा, बद्रीनाथ, शाळेत विज्ञान शिकवत होता. त्याला आई नव्हती, म्हणून तो मालनबाई आत्याला घेऊन आला होता. पदर कपाळापर्यंत ओढून आत्या डोळे मिटून बसली होती. उन्हाचा त्रास झाला असावा.

"तुम्ही नवा क्षार शोधलाय म्हणे," बद्रीनाथ म्हणाला.

स्वयंपाक येतो का, हे सोडून दुसरं काही विचारणारा हा पहिलाच. संस्कृती खुलली.

"नायट्रोजनचे अणू हवेत जोडीजोडीनं सुखानं राहतात. आम्ही त्यांना एका लहानशा कड्यात दाटीवाटीनं बसवतो आणि त्या कड्याचा क्षार करतो. पण ते तिथं नाइलाजानं बसलेले असतात. जरा धक्का लागला की सगळे एकदम सुटतात. मागं उरतो तो साधा वायू."

"मग धोका कधी?"

"कोरडा झाला की. ओला असेपर्यंत तसा गरीब असतो. सुकून काचेला चिकटला तर त्याला हातसुद्धा लावायचा नाही. पुन्हा भिजवायचा आणि वाट बघायची."

"तरी त्या दिवशी..."

"त्यात हिचा काय बी दोष न्हाई," केसरबाई मध्ये पडल्या. "चौकशी कमिटीनंच लिहून दिलंय. त्या पोराचीच चूक हुती."

"मला यांच्या तोंडून ऐकायचंय," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला.

संस्कृतीला त्याचं हे वागणं आवडलं. आडून आडून चौकशी करणाऱ्यांपेक्षा हे बरं.

"राम नावाचा मुलगा माझ्या हाताखाली होता. नांदूरघाटचा. हुशार होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब नमुना बघायला येणार होते. त्यानं घाई केली. सुकलेला क्षार न भिजवताच खरवडला. त्यातच गेला तो."

तिचा आवाज स्थिर होता. चौकशीपासून ही वाक्यं तिनं इतक्यांदा म्हटली होती की अडखळायचं कारणच नव्हतं.

"तुम्ही कुठं होता?"

"शेजारच्या इमारतीत. मी तिथं असते तर त्याला थांबवलं असतं."

"तुम्ही त्याला काय म्हणाला असता?"

प्रश्न जरा विचित्र होता. तरी तिनं उत्तर दिलं. "'खरवडू नको राम, आधी भिजव.' एवढंच."

आत्यानं डोळे उघडले. ते काठोकाठ भरले होते. केसरबाईंचा जीव भांड्यात पडला. बाईला पोरीची दया आली, आता होकार येणारच.

"मग काय ठरवायचं, आत्याबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या भाच्याकडे वळल्या.

"ह्योच आवाज हाय, बद्री. त्या दिशी माझा राम माझ्याशी फोनवर बोलत हुता तवा मागनं 'भिजवायला वेळ नाही, खरवड' म्हणणारी हीच हाय."